मदत हवी आहे: मुलीचा गोशे आजार, दहावीचं गणित आणि पालक गटाचं काम

केंद्रीय विद्यालयात गणित शिकवते. मुलगी ७ वर्षांची, वजन २० किलो, टाइप १ गोशे (शरीरात एक एन्झाइम कमी पडणारा दुर्मीळ आनुवंशिक आजार). दर १४ दिवसांनी एन्झाइमचं सलाइन. सीसीएल (मुलांच्या संगोपनासाठीची रजा) यासाठी वापरता येईल का? अशा आजाराच्या मुलांचा पालक गट निधी उभारण्याचं काम माझ्याकडे देऊ म्हणतोय. घ्यावं का?

प्रतिसाद १
ताई, सीसीएल इथे वापरू नका. एकूण ७३० दिवस असले तरी एका वेळी किमान ५ दिवस घ्यावी लागते आणि वर्षात तीनदाच, म्हणजे पंधरवड्याच्या एका दिवसाला ती लागूच पडत नाही. हाड दुखण्याचा मोठा झटका किंवा शस्त्रक्रिया यांसाठी राखून ठेवा. वर्षाचे २६ डोस, त्यातून सुट्ट्यांतले वजा करा. उरलेल्यांना ८ किरकोळ रजा, मग अर्धपगारी (वर्षाला २०, जानेवारी-जुलैत १०-१० जमा). १४ दिवसांचं चक्र म्हणजे वार कायम राहतो. एप्रिलमध्ये वेळापत्रक बनतानाच त्या वारी दहावीचा एकच तास मागून घ्या, तोही पहिला. बदली तास ऐनवेळी मागितला की सहकारी वैतागतात.

प्रतिसाद २
निधीचं काम नका घेऊ. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियम १२ प्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय वर्गणी गोळा करता येत नाही, त्यात सहभागही नाही. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर क्यूआर कोड टाकणं तर अजिबातच नको. ते घरातल्या दुसऱ्या कोणाला, नोकरीत नसलेल्याला करू द्या. आरोग्य मंत्रालयाच्या पोर्टलवर दाता थेट उत्कृष्टता केंद्राला (दुर्मीळ आजारांसाठी नेमलेल्या रुग्णालयाला) पैसे देतो, ती वाट स्वच्छ. आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसाचा दुर्मीळ आजार दिन बोर्डाच्या परीक्षेत सापडतो. भाषणं गटातल्या इतरांना द्या, तुम्ही जानेवारीत मजकूर तयार करून ठेवा.

प्रतिसाद ३
तुमचं खरं काम आकड्यांचं आहे. ६० युनिट प्रतिकिलो या मात्रेने २० किलोला १२०० युनिट, म्हणजे ४०० युनिटच्या ३ व्हायल (औषधाच्या कुप्या). वर्षाला ७८. वजन २२ झालं की १३२०. दर वेळी ४ फोडल्या तर २८० युनिट वाया. महिन्याच्या दोन डोसांना २६४० लागतात, म्हणून ३ आणि ४ आलटून पालटून चालतील का ते डॉक्टरांना विचारा. मात्रा तेच ठरवतील. बिलावरचा भाव घालून दुर्मीळ आजारांसाठीची ५० लाखांची सरकारी मदत कोणत्या महिन्यात संपते ते मांडा, वाढतं वजन धरूनच. २० किलोवर हिशेब अडकवला की तारीख खूप पुढची दिसते आणि अर्ज उशिरा जातो. उत्कृष्टता केंद्राला पुढच्या तरतुदीचं पत्र निदान चार महिने आधी द्या, वजनाची नोंद आणि डोसची तारीखवार यादी जोडून.