मदत हवी आहे: १९७६ ची प्रीमिअर पद्मिनी, पासिंगची तयारी कशी करू? आणि व्हिंटेज नोंदणी घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे १९७६ ची पद्मिनी आहे. सासऱ्यांनी नवी घेतलेली, आरसी पुस्तक अजून त्यांच्याच नावावर. नोंदणीची मुदत येत्या दोन महिन्यांत संपते, म्हणजे पाच वर्षांनी पुन्हा पासिंगला न्यायची. आजवर हे सगळं सासरेच बघायचे. आता त्यांना गुडघ्यांमुळे क्लच दाबवत नाही, गाडी मी चालवते, त्यामुळे तयारीही माझ्याकडे आली आहे. आम्ही गडहिंग्लज भागात राहतो, कामासाठी कोल्हापूरला जायची तयारी आहे.

ही गाडी शोभेची नाही. बाजार, दवाखाना, पाहुण्यांकडचे कार्यक्रम, सगळीकडे तिनेच जातो. इंजिन मूळचं १०८९ सीसीचं, हँडगिअर, डायनॅमो, चारही चाकांना ड्रम ब्रेक. बदल काहीच केलेले नाहीत आणि करायचेही नाहीत.

सध्याची अवस्था अशी:

ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढते. पेडल एकदा दाबून नीट लागत नाही, दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं. सगळ्यात जास्त काळजी मला याचीच आहे, पासिंग असो वा नसो. स्टिअरिंगला खेळ आहे. मेकॅनिक म्हणतो किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा) आणि बुश झिजलेत, पण तो मारुतीवर शिकलेला मुलगा आहे, फियाटचं (पद्मिनी मुळात फियाटच) पुढचं काम त्याने आधी कधी उघडलेलं नाही.

ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा कुजला आहे. मॅट उचललं की एका कोपऱ्यातून रस्ता दिसतो. एकाने फायबर लावून वरून रंग मारून देतो म्हणून सांगितलं. मला ते पटलं नाही.

गाडी उभी असताना हेडलाईट मंद होतात, रेस दिली की उजळतात. पीयूसीची मुदत संपायला आली आहे, आणि आयडलिंगला इंजिन थोडं अडखळतं. पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागल्यापासून हे वाढलंय असं मला वाटतं.

शिवाय कागदाचा घोळ. ऑनलाइन नोंदीत चासी नंबरचा एक अंक आरसी पुस्तकापेक्षा वेगळा आहे. त्यामुळे एचएसआरपी, म्हणजे नव्या सुरक्षित नंबर पाटीची नोंदणीच होत नाही.

आता मुख्य प्रश्न. यंदा गाडीला ५० वर्षं पूर्ण होतात. नात्यातले दोघेतिघे म्हणतात की आता व्हिंटेजमध्ये टाका, कटकट मिटेल. खरंच मिटेल का? साधं नूतनीकरण आणि व्हिंटेज यांत आमच्यासारख्यांनी काय निवडावं? आणि निरीक्षकासमोर गाडी नेण्याआधी कामांचा क्रम काय ठेवू? पैसे एकदम सगळे घालता येणार नाहीत. सीटबेल्ट कंपनीकडूनच नव्हते, त्यावरून अडवतील का, हेही सांगा.

प्रतिसाद

ताई, व्हिंटेजचं आधी बघा, कारण त्यावर बाकीचं ठरेल. जुलै २०२१ मध्ये केंद्राच्या नियमांत ही तरतूद आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात जपलेली, धंद्यासाठी न वापरलेली गाडी त्यात बसते. नवी नोंदणी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, पुढचं नूतनीकरण ५,०००. नव्याने नोंदवलेल्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची मालिका मिळते, आधीपासून नोंदलेल्या गाड्यांना जुना नंबर ठेवता येतो. इथवर छान आहे. पण अशी गाडी रस्त्यावर रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच. तुम्ही बाजारात आणि दवाखान्यात जाता, म्हणजे हा मार्ग तुमचा नाही. साधं नूतनीकरणच करा.

त्यासाठी फॉर्म २५. मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत अर्ज करता येतो. उशीर झाला तर चारचाकीला महिन्याला ५०० रुपये जादा, म्हणून अर्ज लवकर टाका. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या हलक्या गाड्यांचं नूतनीकरण शुल्क १०,००० झालंय, त्याशिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. विमा चालू हवा, पीयूसी चालू हवं.

चासी नंबरची दुरुस्ती मात्र सगळ्यांत आधी. आरसी पुस्तक, जुना विमा, मागच्या नूतनीकरणाची पावती आणि नंबरची पेन्सिलने काढलेली छाप, हे सगळं घेऊन अर्ज द्या. तो अंक सुधारल्याशिवाय एचएसआरपी नाही, आणि पाटीशिवाय पुढचं काम अडतं. एक कळकळीची विनंती: नंबर रंगाखाली दबला असेल तर पॉलिश पेपरने घासू नका. अंक पुसट झाला की खाडाखोडीचा संशय येतो. थिनरमध्ये भिजवलेल्या फडक्याने हळूहळू रंग काढा.

प्रतिसाद

मी गॅरेजवाला, फियाटवरच हात बसला माझा. तुमच्या कामांचा क्रम: ब्रेक, स्टिअरिंग, पत्रा, लाईट, शेवटी पीयूसी.

उजवीकडे ओढते म्हणजे बहुधा डाव्या पुढच्या चाकाचा ब्रेक कमी धरतोय. ड्रम काढून बघा. व्हील सिलिंडर पाझरत असेल किंवा हबचं ग्रीस लायनरवर (ड्रमला घासणाऱ्या पट्ट्यावर) आलं असेल. तेलकट लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवतात, तसं करू देऊ नका, दोन्ही बाजूंचे लायनर एकदम बदला. ड्रमला रेघा असतील तर कोल्हापुरात उद्यमनगरला लेथवर टर्निंग करून मिळेल, तेही दोन्ही ड्रम सारखेच. आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा. दुसऱ्यांदा पेडल वर येतं ते आधी ॲडजस्टमेंटने सुधारतं का बघा, मग एअर काढा, तरी राहिलं तर मास्टर सिलिंडरचं किट. रबरी होज चांगले दिसले तरी बदला. तुमच्या गाडीला सगळ्या चाकांना मिळून ब्रेकची एकच लाईन आहे. एक होज फुटला तर काहीच उरत नाही.

किंगपिनसाठी पुढचं चाक जॅकवर घ्या, वर-खाली हात धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. तरीही हलतंय तर किंगपिन, थांबलं तर बेअरिंग. फायबरचं तुम्हाला पटलं नाही ते बरोबर आहे. कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करा. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते.

डायनॅमो उभ्या गाडीत कमीच चार्ज करतो, तो दोष नाही. ब्रश बघा, अर्थिंगची वायर साफ करा. मागे लाल रिफ्लेक्टर आहेत का बघा, लोक ते विसरतात. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नको. सीटबेल्टची सक्ती १९९४ पासूनच्या गाड्यांना, तुम्हाला अडचण नाही.

पीयूसीला तुमच्या काळच्या गाडीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्के आणि एचसी (हायड्रोकार्बन, न जळलेलं पेट्रोल) १५०० पीपीएमपर्यंत चालतं. इंजिन चांगलं गरम करून न्या. सीओ जास्त आला तर चोक पूर्ण उघडतोय का, फ्लोट चेंबरची नीडल गळतेय का ते बघा. एचसी जास्त असेल तर पॉइंट आणि प्लग. इथेनॉलबद्दल तुमचं म्हणणं खोटं नाही. त्या पेट्रोलने मिक्श्चर पातळ पडतं आणि जुनं रबर फुगतं. पंपाचा डायफ्रॅम आणि पेट्रोलचा पाइप बदलून घ्या, मग आयडलिंग लावा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. व्हिंटेजचा विषय इथे संपला. सासऱ्यांना वाचून दाखवलं, तेही म्हणाले की चालवायची नसेल तर ठेवायची कशाला. चासी नंबरचा अर्ज सोमवारी देते आणि ब्रेकचं काम लगेच सुरू करते.

आता एकच अडलंय. व्हील सिलिंडरची किट आणि किंगपिनचा सेट इकडे मिळत नाही. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला कुणी इतक्यात घेतला असेल तर माल जुन्या स्टॉकमधला होता की नवा बनवलेला, आणि बसवताना रीमिंग (बुशचं भोक मापात घासणं) करावं लागलं का, हे कृपया इथेच लिहा.