नव्वद दिवसांची उधारी आणि आपली महिन्याची स्वस्त खरेदी

पंचवटीकर

रविवारी सवलतीच्या कुठल्याही मोठ्या दुकानासमोर जा, गाडी लावायला जागा नसते. त्या गर्दीत मीही असतो, म्हणून 'तिथे जाऊ नका' असं सांगायला हा धागा काढलेला नाही. प्रश्न एवढाच आहे की मसाला, पापड, फरसाण छापील किमतीपेक्षा स्वस्त मिळतं तेव्हा मधला फरक सोडतं कोण?

माझ्या भावाचा नाशिकला अंबडमध्ये मसाल्यांचा छोटा कारखाना आहे. एका साखळी दुकानाला तो माल द्यायचा (नाव घेत नाही). दरात घासाघीस झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण पेमेंट साठ दिवसांचं ठरलेलं, हातात यायचं नव्वदला. रॅकवर नजरेसमोर जागा हवी तर त्याचे पैसे वेगळे. 'एकावर एक मोफत' ही स्कीम दुकानाची आणि मोफतचा पुडा भावाचा. मुदत संपत आली की उरलेला माल परत, आणि ती रक्कम पुढच्या बिलातून डेबिट नोट टाकून वजा. म्हणजे विकला गेला तर माल दुकानाचा, पडून राहिला तर भावाचा! मिरचीवाला मात्र भावाकडून रोख घेतो.

दर पाडून मागा, तो धंदा आहे. पण उधारी आणि जोखीम दोन्ही लहान माणसाच्या गळ्यात मारायची, याला माझ्या मते लबाडी म्हणतात.

अंबडवाली

भावाचं वाईट वाटलं, पण माझंही ऐका. आम्ही दोघं कंपनीत, दोघंही कंत्राटी. किराणा, तेल, साबण मिळून महिन्याला जी बचत होते त्यात पोरीच्या क्लासची फी निघते. गल्लीतले काका वहीवर उधार देतात, गोड बोलतात, आणि प्रत्येक पुडा छापील किमतीला लावतात. त्यांचं ते गोड बोलणं मला परवडत नाही.

आणि नीतीचंच म्हणाल तर काकांच्या दुकानातला पोरगा सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत उभा असतो. त्याचा पीएफ कुणी विचारलाय? मोठ्या दुकानातल्या मुलीला निदान पगाराची पावती मिळते.

जमाखर्च

पंचवटीकर, भावाची उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंद) आहे का? असेल तर 2006 च्या एमएसएमई म्हणजे लहान उद्योगांच्या कायद्याने लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे पेमेंट लांबवता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. शिवाय 1 एप्रिल 2024 पासून आयकरात 43बी(एच) हे कलम लागू झालं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च खरेदीदाराला वजा मिळत नाही. मार्चअखेर आमच्याकडे यावरून नुसती धावपळ असते.

मालाबद्दलची हरकतही पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी यायला हवी, नाहीतर तो स्वीकारला असं धरून पैशांची मुदत मोजतात. अर्थात करारातच 'विक्री किंवा परत' असं लिहून भावाने सही केली असेल, तर परत आलेल्या मालावर भांडणं अवघड.

पंचवटीकर

नोंदणी आहे. सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद, हे सांगायला कुणी लागत नाही. आणि 'उद्यम नसलेला पुरवठादार बघा' असं खरेदीवाले सरळ बोलतात, हे तुम्हालाही माहीत असेल.

बागवान_निफाड

मसाला निदान टिकतो. माझी द्राक्षं ज्या दुकानात विकली जातात ते दुकान मी जन्मात पाहिलेलं नाही.

युरोपातल्या सवलतीच्या साखळ्या सरकारी नियमावर थांबत नाहीत. मालात उरलेल्या फवारणीच्या औषधाच्या अंशाची कायद्याने जी मर्यादा आहे, तिच्या एक तृतीयांशातच माल हवा, असं लिडलसारखी साखळी मागते. 2010 ला लिहोसिन या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून आपल्या भागातले कंटेनर अडकले होते, तेव्हा काय हाल झाले ते जिल्ह्याला माहीत आहे. आता फवारणीची नोंद, नमुना, सर्टिफिकेट सगळं करायचं आणि खर्च आपला. माल बऱ्याचदा विक्रीवर जातो, म्हणजे भाव कळतो तो तिकडे विकल्यावर. मग रॉटरडॅमहून कुजलेल्या मण्यांचे फोटो येतात आणि क्लेम लागतो, म्हणजे पैसे कापले जातात. मणी इथे खराब झाला, बोटीत की त्यांच्या गोदामात, हे मी कुणाला विचारू?

तरी मी त्यांना शिव्या देणार नाही. कारण इथला पर्याय काय आहे? व्यापारी बागेत येतो, सौदा करतो, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख देतो आणि शेवटच्या चार गाड्या घेऊन फोन बंद करतो. या पळून गेलेल्या व्यापाऱ्यांकडून पैसे वसूल करायला 2020 मध्ये पोलिसांना मोहीम काढावी लागली होती. ऑक्टोबर 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेचे अभ्यास आले, त्यात ग्राहकाच्या रुपयातला शेतकऱ्याचा वाटा द्राक्षात 35 पैसे, कांद्यात 36, टोमॅटोत 33 निघाला. हे काय एकट्या मोठ्या दुकानांनी केलं? आपली जुनी साखळी धुतल्या तांदळाची होती असं भासवू नका. अन्याय नवा नाही, फक्त त्याला बिल आणि डेबिट नोट आली.

सुरगाणा_ते_शहर

शेतकऱ्यापर्यंत येऊन सगळे थांबलात, म्हणून लिहिते. डिपिंगला, विरळणीला, खुडणीला पेठ-सुरगाण्यातून टोळ्या येतात. पिकअपमध्ये माणसं उभी कोंबलेली असतात. काम एकरी उक्तं. बाईने दिवसभर मान वर करून औषधात घड बुडवायचे, हात कोपरापर्यंत ओले. लेकरं बांधावर.

जर्मनीत 2023 पासून पुरवठा साखळीचा कायदा आहे, मोठ्या कंपन्यांनी खालपर्यंत मजुरांचे हाल बघायचे म्हणून. ऑडिटवाले येतात ते पॅकहाऊसला. तिथे टोप्या, हातमोजे, शौचालय, सगळं चकाचक. बागेत उतरलेला ऑडिटर आमच्या टोळीतल्या कुणाला तरी भेटलाय का?

बागवान_निफाड

ताई, हंगामात एकरी दर टोळीच सांगते आणि मी मुकाट्याने देतो. न दिला तर टोळी शेजारच्या बागेत जाते.

सुरगाणा_ते_शहर

दर वाढतो तो तेवढ्या आठवड्यांपुरता. मी हातमोजे आणि सावलीबद्दल विचारलं होतं, त्यावर तुम्ही काहीच बोलला नाहीत.

पंचवटीकर

युरोपने 2019 मध्ये एक निर्देश काढला. नाशवंत मालाचे पैसे 30 दिवसांत द्यायचे, ऐनवेळी ऑर्डर रद्द करायची नाही, दुकानात खराब झालेल्या मालाची भरपाई पुरवठादाराकडून उकळायची नाही. बाहेरच्या देशातल्या पुरवठादारालाही तो लागू आहे. असं काही आपल्याकडे दुकानांवर का असू नये?

बागवान_निफाड

तो नियम तिकडच्या आयातदारापर्यंत येतो, फार तर इथल्या निर्यातदारापर्यंत. मला विचाराल तर लिलाव झाला की रोख चुकती, हा बाजार समितीचा नियम जास्त कामाचा. लासलगावला कांदा टाकला की भाव पडलेला असो, पैसे तरी घेऊन घरी येतो.

अंबडवाली

समजा दुकानाने सगळ्यांना 30 दिवसांत पैसे दिले आणि माझा मसाल्याचा पुडा पाच रुपयांनी महागला. मी देईन पाच रुपये. पण ते तुमच्या भावाकडे जाणार की त्या रविवारच्या पार्किंगच्या मालकाकडे, हे कुठे छापलेलं असेल?

जमाखर्च

कुठेच नाही. पंचवटीकर, भावाला सांगा, पुढच्या करारात परतीच्या मालाला टक्केवारीची मर्यादा घालून घ्या, आणि स्कीमचा खर्च निम्मा-निम्मा.

पंचवटीकर

सांगितलं होतं. खरेदीवाल्याने करार उलटा फिरवून त्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, बाहेर अजून तिघं मसालेवाले बसलेत.