मदत हवी आहे: डोंगरात मोकळी सोडलेली ढोरं कोठ्यावर (गोठ्यावर) परत येत नाहीत

प्रश्न: चिखलदऱ्याकडचा भाग, १४ गवळाऊ जातीची ढोरं, त्यात ५ गाई वासरांच्या. पावसाळ्यात रानात सोडली की चार-चार दिवस फिरकत नाहीत. जवळ गेलं की उधळतात, मग लस टोचायची कशी? गळ्यात लोढणं बांधून पाहिलं, उपयोग शून्य.

उत्तर १: पहिले लोढणं काढा. उतारावर ते पायात येते, झुडपात अडकते. बिबट आला तर ढोराला पळताही येत नाही.

मिठावर आणा. अरुणाचल, नागालँडात मिथुन (गव्यासारखं अर्धरानटी जनावर) वर्षभर जंगलातच राहतो; मालक अधूनमधून हातानं मीठ चाटवतो, तेवढ्यावर ओळख टिकते. तुमची गवळाऊ तर पाळीवच आहे. पावसाळी कोवळ्या गवतात सोडियम कमी, म्हणून ओढ असतेच. रोज एकच वेळ, एकच हाळी, कोठ्याजवळ चार-पाच सपाट दगड. एकाच दगडावर टाकलं तर मारकी गाय बाकीच्यांना फिरकू देत नाही. मोठ्या ढोराला ३०-४० ग्रॅम, म्हणजे १४ जनावरांना साधारण अर्धा किलो. पहिले आठ दिवस निम्मंच द्या आणि शेजारी भरपूर पाणी ठेवा. मिठाला हपापलेलं ढोर एकदम जास्त खाऊन पाण्यावाचून राहिलं तर विषबाधा होते: हगवण, लटपटणं, दिसेनासं होणं, झटके.

उत्तर २: सोबत वासरं कोठ्यातच ठेवा. पान्हा फुटला की गाय येते. भाकड गाई अन् गोऱ्ह्यांना मात्र ही ओढ नाही, त्यांच्यासाठी मीठच. कळपाची म्होरकी ओळखून घंटा तिच्याच गळ्यात बांधा.

प्रश्नकर्ता: चाटण वीट (चाटायची मिठाची वीट) टांगली तर रोजची कटकट वाचेल का?

उत्तर १: वीट दिवसभर तिथंच असते. मग ढोरं विटेला ओळखतात, तुम्हाला नाही. खडेमीठ कुटून स्वतः टाका.

यायला लागली की दगड रोज थोडे आत सरकवत कोठ्यात न्या. फाटक लावा, ढेप-कुटार (पेंड-भुसा) टाका, काही न करता सोडून द्या. असं दहा-बारा वेळा. पहिल्याच दिवशी फाटक लावून सुई टोचली तर फाटक म्हणजे सुई, हे डोक्यात बसतं आणि सगळी मेहनत वाया. टोचायला बल्ल्यांची (लाकडी वाशांची) अरुंद गल्ली करा, रुंदी सव्वादोन फूट. जास्त ठेवली की ढोर आतच उलटं फिरतं. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधी, मे महिन्यात. लाळ-खुरकूत दर सहा महिन्यांनी.