लाचखोर एसीबीच्या (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या) सापळ्यात अडकतात, पण पुढे काय होतं?

सदाशिवपेठी: पेपरात दर आठवड्याला तलाठी नाहीतर हवालदार लाच घेताना पकडला अशी बातमी असते, मग शिक्षा झाल्याची का दिसत नाही? एसीबीकडे माणसंच कमी आहेत का?

वकील_शिवाजीनगर: माणसं हा एक भाग, अधिकारी पोलिसातूनच बदलीवर येतात, हात बसेपर्यंत परत जातात. खरी गाडी अडते ती मंजुरीत. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ प्रमाणे आरोपपत्रावर खटला चालवायला त्याच्याच खात्याची परवानगी लागते, ३ महिन्यांत द्यायची, फारतर १ महिना वाढवून, पण बंधन पाळतंय कोण! त्यात २०१८ ला कलम १७अ आलं, म्हणजे निर्णयातल्या घोटाळ्याची नुसती चौकशी करायलाही आधी परवानगी. रंगेहाथ पकडायला ती लागत नाही, म्हणून तर सगळा जोर सापळ्यावर, लाचेच्या नोटांना आधीच खास पावडर लावायची, घेणाऱ्याचे हात सोड्याच्या पाण्यात धुतले की पाणी गुलाबी, केस तयार. मोठे मासे बाहेरच.

कोथरूडची_मावशी: आणि एसीबी पण गृहखात्याखालीच ना, मग मंत्रालयाला हात कोण लावणार 😀

सदाशिवपेठी: मग तक्रार करायची की नाही?

वकील_शिवाजीनगर: करा की, १०६४ ला फोन लावा. पैसे देणं भाग पडलंच असेल तर ७ दिवसांच्या आत कळवा, नाहीतर तुम्हीपण आरोपी.