चहात गुपचूप द्यायची गोळी मिळते म्हणतात, भावाला द्यावी का?

सिडकोची ताई
माझा धाकटा भाऊ अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे. नुकताच व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलाय. हातांची थरथर थांबली, नीट जेवतो, पोरीला शाळेत सोडतो. पण पगार जवळ आला की गप्प गप्प होतो, आणि आमच्या पोटात गोळा येतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, चहात टाकायची गोळी मिळते, वर प्यायला की उलट्या होतात आणि दारू सुटते. भावजय तयार आहे. माझं मन धजत नाही.

पंचवटीकर
ताई, भावजयीला आजच थांबवा. ती गोळी म्हणजे डायसल्फिराम. दारूपासून शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य तयार होतं, ते पुढे मोडण्याचं काम ही गोळी अडवते. मग थोडी दारू घेतली तरी तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, बीपी खाली. हृदय कमजोर असेल तर माणूस दगावू शकतो. ज्याला गोळीचा पत्ताच नाही, तो सावध कसा राहणार? बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत परिणाम टिकू शकतो.

मी हीच गोळी घेतो, पण उघडपणे. आधी लिव्हरची तपासणी झाली, धोके नीट समजावले, मगच चिठ्ठी मिळाली. शेवटच्या घोटानंतर निदान १२ तास गेल्याशिवाय ती सुरूच करत नाहीत. सकाळी बायकोसमोर घेतो. एकदा गिळली की संध्याकाळी द्वारका चौकात जुने दोस्त भेटले तरी मनातली ओढाताण होत नाही, आजचं ठरलेलं असतं. खोकल्याचं औषध घेतानाही बाटलीवरचं वाचतो, काहींत अल्कोहोल असतं. हे सगळं मला माहीत आहे म्हणूनच गोळी माझ्या कामाची.

सिडकोची ताई
पण तलफेचं काय? त्याला रात्री झोप लागत नाही.

नाशिकरोड मेडिकल
तलफेसाठी वेगळी औषधं आहेत. नाल्ट्रेक्सोन, बहुतेकांना ५० मिलिग्रॅम रोज एक. पिण्यातून मिळणारी मजा कमी होते. लिव्हर पाहून देतात, आणि ट्रामाडॉलसारखी दुखण्याची गोळी चालू असेल तर चालत नाही, तेव्हा कंबरदुखीच्या गोळ्याही डॉक्टरांना दाखवा. दुसरं अकॅम्प्रोसेट, ३३३ मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा. ते लिव्हरवाटे जात नाही, पण किडनी तपासावी लागते. सुरुवातीला जुलाब होऊ शकतात, घाबरून बंद करू नका. यातलं काहीही मी चिठ्ठीशिवाय देत नाही. झोपेची गोळी मनाने तर मुळीच नको. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चालू असतो.

सिडकोची ताई
भावाला सगळं वाचून दाखवलं. म्हणाला, मी येतो, पण गोळी आईसमोर घेणार नाही, ती रडते.

पंचवटीकर
मग भावजयीसमोर घेऊ दे. तिने तोंड उघडून तपासत बसू नये. गोळी झाली की दोघांनी नाश्ता करावा. आणि आईंनाही एकदा डॉक्टरांकडे सोबत न्या, त्यांच्याही मनावर ओझं आहे.