'आत्मपरीक्षण' की 'भान'?

प्रश्न : दिवस संपताना देवासमोर बसून सरलेला दिवस पाहण्याची एक ख्रिस्ती प्रार्थना आहे, एक्झामेन. तिला लेखात 'आत्मपरीक्षण' म्हणावं का? वाचकाला ती गुन्ह्यांची यादी वाटेल अशी धास्ती वाटते.

प्रतिसाद : धास्ती रास्त आहे. मुळात शब्दात वावगं काही नाही. परि + ईक्षण, म्हणजे चहूबाजूंनी पाहणं. पण वापराने त्याला ठपक्याचा वास चिकटलाय. निवडणूक हरलेल्या पक्षाला आत्मपरीक्षण करायला सांगतात, जिंकलेल्याला कुणी सांगत नाही. शिवाय तपासणारा मीच आणि तपासला जाणाराही मीच, असा अर्थ होतो. देव त्यात कुठेच येत नाही, आणि मला हे जास्त खुपतं.

येशूसंघ (जेझुइट) या ख्रिस्ती धर्मसंघाचे संस्थापक, लोयोलाचे संत इग्नेशियस (१४९१–१५५६) यांनी या प्रार्थनेचा सांगितलेला क्रम बघा. आधी देवाचे आभार. मग आपली पापं ओळखता यावीत म्हणून कृपेची याचना. तासातासाचा हिशेब येतो तो तिसरा, म्हणजे पाहण्यासाठीचा दिवा देवाकडून मागून घेतल्यावर. त्यानंतर क्षमा आणि सुधारण्याचा निश्चय.

लॅटिनमध्ये 'एक्झामेन' म्हणजे तराजूचा काटाही. काटा नुसता दोष दाखवत नाही, कल कुठे आहे ते दाखवतो. आणखी एक : या प्रार्थनेच्या पूर्ण लॅटिन नावात 'कॉन्शिएन्शिया' हा शब्द येतो, आणि त्यात सदसद्विवेक आणि जाणीव हे दोन्ही अर्थ आहेत. काळाच्या ओघात या प्रार्थनेत पहिलाच अर्थ उरला होता. १९७२ साली जॉर्ज ॲशेनब्रेनर या येशूसंघीय धर्मगुरूंनी एका लेखात दुसऱ्यावर भर दिला. म्हणून मी 'भान' सुचवेन.

फरक प्रत्यक्षात असा पडतो. दुपारी कुणाला तरी तोडून बोललो. परीक्षणात 'राग' अशी नोंद होते, क्षमा मागितली की विषय मिटतो. भान ठेवून पाहिलं तर रागाच्या आधीची भीती दिसते : आपलं काम कमी लेखलं जातंय असं वाटलं होतं. आणि समोरच्याने उलट उत्तर न देता पाण्याचा ग्लास पुढे केला होता, हेही आत्ता दिसतं. देव त्या ग्लासाशी होता आणि आपलं लक्ष नव्हतं. हे कळणंसुद्धा प्रार्थनाच आहे.

प्रश्न : मग सरळ 'आत्मभान' का नको?

प्रतिसाद : शब्द सुंदर आहे, पण मराठीत तो बहुधा अस्मितेच्या, स्वत्वाच्या अर्थाने येतो. देव पुन्हा बाहेर राहतो. प्राचीन ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीन यांची एक इवलीशी प्रार्थना आहे : मी स्वतःला ओळखावं, मी तुला ओळखावं. दोन्ही ओळखी त्यांनी एका दमात मागितल्या, त्या तोडू नयेत. लेखात 'देवासमोरचं भान' लिहा. पुढे 'भानावर येणं', 'भान सुटणं' ही क्रियापदं आपोआप हाताशी येतील. येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही तो मुलगा आधी 'शुद्धीवर' येतो, मग बापाकडे निघतो. पापकबुलीपूर्वीच्या तयारीला मात्र 'आत्मपरीक्षण'च राहू द्या; तिथे चुका नेमक्या शोधायच्याच असतात.