शब्दचर्चा : इतिहासकाळातल्या खेळांत बाई ‘घेता येते’, तिला काय म्हणावे?

उचगावहून

आमच्या भागात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतून मराठी साहित्य संमेलने भरतात. यंदा मला तिथे एक निबंध वाचायचा आहे. विषय मीच निवडला : इतिहासकाळात घडणारे, भूक, थंडी, रोगराई आणि शत्रू यांतून जीव वाचवत पुढे जायचे जे व्हिडिओ गेम आहेत, त्यांत खेळणाऱ्याला बाई होऊन खेळता येते का, आणि येत असेल तर त्या बाईच्या वाट्याला काय येते. निबंध जवळजवळ पूर्ण झाला आहे. पण ज्या गोष्टीभोवती तो फिरतो, तिलाच नाव सापडलेले नाही. घरी आम्ही सरळ ‘प्लेएबल फीमेल कॅरेक्टर’ म्हणतो. समोर आजीच्या वयाची माणसे बसलेली असताना व्यासपीठावरून ते म्हणायचे नाही, असे मी ठरवले आहे.

आधी ‘खेळण्यायोग्य स्त्रीपात्र’ असे लिहिले, तेव्हा भाऊ म्हणाला की खेळण्यायोग्य मैदान असते. मग ‘खेळती नायिका’ लिहिले. आई बचत गटाचा हिशेब ठेवते, तिला ‘खेळते भांडवल’ आठवले. ‘खेळवायची स्त्री’ हे लिहून लगेच खोडले, कारण खेळवणे म्हणजे एखाद्याला झुलवत ठेवणे, हा अर्थ त्यात आधी येतो.

आणखी दोन शब्द अडले आहेत. ‘ऐतिहासिक खेळ’ म्हटले की कायम लक्षात राहिलेला एखादा क्रिकेटचा सामना वाटतो. आणि ‘सर्व्हायव्हल’ला काय म्हणावे? जाणकारांनी मार्ग दाखवावा.

शहापूर, बेळगाव येथून

आपल्या भावाचा आक्षेप अचूक आहे, आणि तो थोडा पुढे न्यायला हवा. ‘-योग्य’ आणि ‘-जोगा’ हे शब्द ज्याला लागतात, त्याच्या अंगचा गुण सांगतात : पिण्यायोग्य पाणी, पेरण्याजोगी जमीन. आपल्या प्रश्नात बाईच्या अंगच्या गुणाचा संबंधच नाही. खेळ रचणाऱ्याने ती खेळणाऱ्याच्या हाती दिली आहे की नाही, एवढाच तो मुद्दा आहे. ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ हा १४०३ सालच्या, युरोपातल्या बोहेमियात घडणारा खेळ २०१८ साली आला; त्यात लढाईबरोबर भूक आणि झोपही सांभाळावी लागते. पाणचक्कीवाल्याची मुलगी थेरेसा त्या खेळात पहिल्यापासून आहे, ती बोलते, जखमी नायकाची शुश्रूषा करते, पण तिच्या जागी उभे राहून खेळता येत नव्हते. खेळाला नंतर जोडलेल्या, २०१९ च्या एका पुरवणीत ते शक्य झाले आणि गावावर हल्ला होतो तो दिवस तिच्या बाजूने खेळता येऊ लागला. या एका वर्षात थेरेसाचा कोणता गुण बदलला? कोणताही नाही. बदलली ती खेळणाऱ्याची मुभा. म्हणून नाव पाडायचे ते खेळणाऱ्याच्या क्रियेवरून पाडावे, बाईला विशेषण जोडून नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

(त्या पुरवणीचे नाव ‘अ वुमन्स लॉट’ असे आहे. ‘लॉट’ म्हणजे हिस्साही आणि नशीबही. आपण प्रश्नात ‘त्या बाईच्या वाट्याला काय येते’ असे सहज लिहून गेला आहात, त्यात हे दोन्ही अर्थ आहेत. निबंधाचे शीर्षक तेच करावे, अशी माझी विनंती आहे.)

आता ‘पात्र’. पात्र म्हणजे मुळात भांडे. नदीचे पात्र, दानाला पात्र, नाटकातले पात्र हे सारे अर्थ त्या धारण करण्याच्या कल्पनेतून आले, आणि नाटकातल्या अर्थाने हा शब्द कन्नडमध्येही रुळलेला असल्यामुळे आपल्याकडे तो दोन्ही भाषांच्या माणसांना पटकन कळतो. अडचण दुसरीकडे आहे. ‘खेळण्यास पात्र स्त्री’ असे वाचले गेले, तर निवड समितीने पात्र ठरवलेली खेळाडू डोळ्यांपुढे येईल. शिवाय हा शब्द नपुंसकलिंगी आहे. ‘ते स्त्रीपात्र भिंतीआड लपले, ते धावले, ते मेले’ असे दोन परिच्छेद लिहून पाहा. ज्या बाईबद्दल आपण जिव्हाळ्याने लिहायला बसलो, ती ‘ते’ होऊन जाते. ‘व्यक्तिरेखा’ घेतली तर उलटा घोळ होतो. ‘मिडीव्हल डायनॅस्टी’ या खेळाचा नायक रासिमीर हा तरुण आहे, पण ‘रासिमीर ही व्यक्तिरेखा कुऱ्हाड उचलते आणि ती झाड तोडते’ असे लिहावे लागते.

‘भूमिका’ हा शब्दही स्त्रीलिंगीच आहे, पण तो वाक्यात वेगळ्या जागी बसतो. भूमिका पळत नाही, लपत नाही, मरत नाही. भूमिका कोणीतरी घेते. त्यामुळे वाक्याचा कर्ता खेळणारा माणूस तरी राहतो किंवा ती बाई तरी राहते. ‘या खेळात स्त्रीभूमिका घेता येते’ हे वाक्य मला निर्दोष वाटते. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्या रंगभूमीवर पुरुष स्त्रीभूमिका करीत आणि त्याला ‘स्त्रीपार्ट’ असा सुटसुटीत शब्द रूढ होता. एक माणूस दुसऱ्याच्या रूपात शिरून वावरतो, या गोष्टीला नाव द्यायची मराठीला सवय आहे. नवा शब्द घडवायची गरज नाही.

माझी नातवंडे हे पुस्तकाबाहेरच्या भाषेत रोज बोलतात. ‘तू कोण घेतलास?’ ‘मी आक्का घेतलो.’ आक्का म्हणजे ‘अ प्लेग टेल : इनोसन्स’ (२०१९) या खेळातली अमिसिया. धाकट्या भावाला हाताशी धरून पळणारी थोरली बहीण, म्हणून मुलांनी तिला परस्पर आक्का केले. प्रमाण मराठीत ‘मी आक्का घेतली’ असे होईल आणि क्रियापद आक्काच्या लिंगाप्रमाणे चालेल. आपल्या बेळगावी बोलीत ते बोलणाऱ्याप्रमाणे चालते. एकाच वाक्यात प्रमाण भाषा घेतलेल्या बाईकडे पाहते आणि बोली घेणाऱ्याकडे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

अथणीहून

‘सर्व्हायव्हल’साठी ‘तगणे’ हा शब्द घ्यावा. आमच्याकडे पावसाने ओढ दिली की एकच प्रश्न असतो, ज्वारी तगेल का? टिकणे हे वस्तूला लागते, लोणचे टिकते, रंग टिकतो. ‘वाचणे’मध्ये एकदाच टळलेले संकट असते. तगण्यात रोजचे दिवस मोजणे आहे, कमी पाण्यावर, कमी अन्नावर, पण मुळे सोडायची नाहीत. ‘तग धरण्याचे खेळ’ असे म्हटले तर शेतातल्या माणसालाही ते समजावून सांगावे लागणार नाही. (‘तगाई’ कर्जाशी याचा संबंध जोडू नये, तो शब्द ‘तकावी’वरून आला.)

शहापूरच्या सरांनी अमिसियाचा उल्लेख केला म्हणून सांगते. माझा मुलगा तो खेळ खेळत होता आणि सासूबाई मागे बसून पाहत होत्या. पडद्यावरच्या मुलीने दोरी डोक्याभोवती गरगर फिरवली आणि दगड सोडला, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अगं, ही तर गोफण!’ त्यांनी लहानपणी ज्वारीच्या रानात माळ्यावर उभे राहून पाखरे हाकली आहेत. मग त्यांनी साडीच्या पदराचे टोक घेऊन मुलाला दाखवले : एका दोरीचा फासा बोटात अडकवायचा, दुसरीचे टोक नुसते चिमटीत धरायचे, आणि सोडायचे ते फक्त चिमटीतले. पुढे त्या सबंध दुपारभर बसून होत्या आणि नेम चुकला की हळहळत होत्या.

म्हणून माझे सांगणे असे की या मुलीला ‘वीरांगना’ किंवा ‘रणरागिणी’ म्हणू नये. हे शब्द घोड्यावर बसलेल्या, तलवार उपसलेल्या बाईसाठी आहेत. कित्तूरच्या राणी चन्नम्मांना ते शोभतात. अमिसिया पंधरा वर्षांची आहे, तिचा भाऊ ह्युगो पाच वर्षांचा. साल १३४८, फ्रान्सचा अ‍ॅक्विटेन प्रांत, युद्ध आणि प्लेग एकाच वेळी. पहिला माणूस तिच्या हातून मरतो तेव्हा ती हादरून जाते. तिच्यासाठी ‘पोर’ हाच शब्द खरा आहे. आणि प्लेगलाही प्लेगच म्हणावे. मुंबई इलाख्यात १८९६ पासून ती साथ पसरली तेव्हा बेळगाव त्याच इलाख्यात होते. छापील मराठीत त्या वेळी ‘ग्रंथिक सन्निपात’ असे लिहीत, पण जुनी माणसे ‘गाठीचा ताप’ म्हणत, आणि गाव सोडून माळावर झोपड्यांत राहायला जाण्याच्या गोष्टी आम्ही घरातच ऐकल्या आहेत. तगणे म्हणजे काय, हे त्या झोपड्यांतल्या बायकांना विचारायला हवे होते.

निपाणीहून

सरांचे विवेचन मला मान्य आहे, परंतु ‘घेणे’ सगळीकडे लागू पडत नाही. ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा पोलंडमध्ये तयार झालेला खेळ (२०१४) बोस्नियातल्या साराएव्होच्या वेढ्यावरून सुचलेला आहे. त्यात पडक्या घरात अडकलेली साधी माणसे असतात. कात्या ही बातमीदार, झ्लाता संगीत शिकणारी, स्व्हेता मुख्याध्यापिका. खेळणारा यांच्यापैकी एकच कोणी होत नाही. दिवसा सगळ्यांच्या खाण्याचे, औषधाचे पाहायचे आणि रात्री एकाला बाहेर सामान शोधायला पाठवायचे. इथे ‘मी कात्या घेतली’ असे म्हणता येत नाही. ‘कात्याला पाठवली आणि ती परतली नाही’ असेच म्हणावे लागते, आणि त्या वाक्याचे ओझे वेगळे आहे. अशा खेळांसाठी ‘सांभाळायची माणसे’ असा वेगळा शब्दप्रयोग करावा.

दुसरी गोष्ट ‘-ईण’ या प्रत्ययाची. निबंधात कोणी ‘शिकारीण’, ‘लोहारीण’ असे लिहायला सुचवले, तर ते घेऊ नये. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, लोहारीण म्हणजे लोहाराची बायको, हा अर्थ मराठीत खोल रुजलेला आहे. जी बाई स्वतः भाता चालवून लोखंड ठोकते, ती या शब्दात कोणाची तरी बायको होऊन बसते. आमच्या निपाणीत विड्या वळणाऱ्या हजारो बायका आहेत. त्यांना कोणी ‘कामगारीण’ म्हणत नाही, विडी कामगार म्हणतात, आणि क्रियापद आपोआप सांगते की त्या बायका आहेत. ‘शिकारी परतली’, ‘लोहार भट्टीशी बसली’ हे सुरुवातीला कानाला खटकेल, पण अर्थ चुकणार नाही.

शहापूर, बेळगाव येथून

निपाणीकरांची दुरुस्ती मी स्वीकारतो. आता तीन प्रकार झाले. जिथे एकच बाई ठरलेली आहे आणि दुसरा पर्याय नाही, तिथे साधे ‘नायिका’ पुरते, अमिसियासारखे. जिथे पुरुष की बाई हे खेळणाऱ्याने ठरवायचे, तिथे ‘स्त्रीभूमिका घेता येते’. ‘वाल्हाइम’मध्ये (२०२१) आरंभीच शरीर निवडायचे असते आणि त्यामुळे ताकदीत काही फरक पडत नाही, तो खेळ मात्र व्हायकिंगांच्या पुराणकथेतल्या जगात घडतो, म्हणून त्याला इतिहासाच्या रांगेत बसवताना एक वाक्य स्पष्टीकरणाचे घालावे. आणि जिथे गट आहे, तिथे ‘सांभाळायच्या बायका’. ‘ऐतिहासिक’ऐवजी ‘इतिहासकाळात घडणारे’ हे आपण प्रश्नातच लिहिले आहे, त्याहून चांगले मला सुचत नाही.

उचगावहून

सर, अथणीच्या ताई आणि निपाणीचे दादा, आपण सर्वांनी एवढा वेळ दिला याबद्दल मनापासून आभार. पहिले वाक्य असे बदलले आहे : ‘इतिहासकाळात घडणाऱ्या, तग धरण्याच्या खेळांत खेळणाऱ्याला स्त्रीभूमिका घेता येते का, आणि घेतल्यावर त्या बाईच्या वाट्याला काय येते, हे मी पाहिले.’ पुण्यात तयार झालेला ‘राजी’ (२०२०) मी वगळला. त्यातही भावाच्या शोधात निघालेली बहीण आहे आणि तो मला अतिशय प्रिय आहे, पण त्यात झगडा राक्षसांशी आहे, तगण्याशी नाही.

सरांनी ‘घेतलो’ आणि ‘घेतली’ यातला फरक दाखवल्यापासून मी घरात कान देऊन ऐकू लागले. अमिसियाला उंदरांनी वेढले की भाऊ ओरडतो, ‘मी मेलो!’ माझ्या हातून ती मेली की मीही ‘मी मेलो’च म्हणते, कारण आमच्याकडे बायकाही ‘मी आलो, मी जातो’ असेच बोलतात. सुट्टीत पुण्याची मावसबहीण आली होती, ती ‘मी मेले’ म्हणाली. म्हणजे पुण्याच्या वाक्यावरून खेळणारी मुलगी आहे हे कळते, आमच्या वाक्यावरून कोण खेळते आहे आणि कोणाची भूमिका घेऊन, यातले काहीच कळत नाही. एक गोष्ट मात्र भावाच्या बोलण्यात पक्की आहे. मशाल वेळेवर पेटवून उंदरांना मागे सारले की ‘मी वाचवलो ह्युगोला’, आणि पहारेकऱ्यांनी पकडले की ‘ती दिसली त्यांना’. मरताना मात्र तो ‘ती मेली’ असे एकदाही म्हणालेला नाही.

हा परिच्छेद मी निबंधात घेतला आहे. प्रमाण भाषेत लिहिताना माझे वाक्य ‘मी मेले’ असे सुधारावे, असे एकदा वाटले होते. सुधारलेले नाही, भावाचे आणि माझे, दोन्ही वाक्ये आम्ही बोलतो तशीच ठेवली आहेत.